शकीलाबीचा डूख

कामाच्या पहिल्याच दिवशी मी शकीलाबीच्या खुर्चीवर बसले आणि पुढचा आठवडाभर बिनसाखरेचा चहा प्याले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या लक्षात यायलाच बरेच दिवस गेले.

एप्रिल नुकता लागला होता. मी येवल्याची. घरात हातमाग, त्यामुळे कानात लहानपणापासून मागाची खटखट भरलेली. जनावर म्हणाल तर शेजारच्यांची शेळी, तीही लांबूनच. बी.कॉम. होऊन घरी बसले होते, तेवढ्यात देवळाली कॅम्पात राहणाऱ्या आत्याच्या ओळखीने एका घोडेस्वारीच्या शाळेत ऑफिस सांभाळायची नोकरी लागली. शाळा कर्नलसाहेबांची. ते तोफखान्यातून निवृत्त झालेले. कॅम्पच्या पुढे दारणेच्या अंगाला त्यांची जागा होती. तिथे दहाबारा घोडे, गोल मैदान, पत्र्याचं ऑफिस आणि कडुलिंबाची एक रांग. उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकमधली मुलं शिबिराला यायची. त्यांचे प्रवेश करणं, वेळा लावून देणं, पालकांच्या तक्रारी ऐकणं आणि फोन उचलणं हे माझं काम.

शाळा कर्नलसाहेबांची असली तरी तबेला शकीलाबीचा होता. पन्नाशीची, उंच, रुंद खांद्यांची बाई. सलवार-कमीजवर नवऱ्याचा जुना पांढरा शर्ट, डोक्याला घट्ट गुंडाळलेली ओढणी आणि पायात गमबूट. तिचे वडील नाशिकरोड स्टेशनावर टांगा चालवायचे. "मी चालायला शिकले ती घोड्याच्या पोटाखालून," असं ती सांगायची, आणि तिचं चालणं पाहिलं की ते खरं वाटायचं. घोड्याजवळून जाताना ती कधी वळसा घालत नसे. घोडाच सरकायचा.

कडुलिंबाखालची निळी प्लॅस्टिकची खुर्ची तिची होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बसले, घाम पुसला, बाटलीतलं पाणी प्याले. ती समोर येऊन उभी राहिली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि निघून गेली. सकाळचा चहा तबेल्यात तीच करायची. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना गोड चहा आणि मला कडू. मी म्हटलं, "बी, साखर राहिली वाटतं." ती म्हणाली, "नाय, राहिली नाय."

आठवड्यानंतर एका सईसाने, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसाने, मला हळूच खुर्चीचं कारण सांगितलं. मला इतका राग आला की त्या दुपारी ती हातपाय धुवायला गेली असताना मी तिची मशेरीची डबी उचलली, मशेरी झाडाखाली ओतली आणि डबीत चहापत्ती कुटून भरली. जेवणानंतर तिने चिमूट दाताला लावली. घासली. थांबली. पचकन थुंकली आणि चौफेर नजर फिरवली. मी खिडकीत बसून रजिस्टरात डोकं घातलं होतं, पण कान लाल झाले असणार. ती सरळ ऑफिसात आली, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"आता तू टिकशील इथं," ती म्हणाली. "आधीच्या दोघी रडून गेल्या."

दुसऱ्या दिवशीचा चहा इतका गोड होता की प्यायला जात नव्हता. तो मी शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.

त्यानंतर ती मला म्याडमऐवजी पोरी म्हणायला लागली आणि मला कामाचं शिकवायला लागली. घोड्याच्या मागून कधी जायचं नाही. रोझी नावाची घोडी चावते, पण हिरव्या रंगाच्या कपड्यांनाच. तुफान नावाचा घोडा शाळेत सगळ्यात आळशी आहे, म्हणून घाबरट मुलांना त्याच्यावर बसवायचं. आणि आईबाप फार बोलायला लागले की त्यांना लसूणघासाची पेंढी धरायला द्यायची, हात गुंतले की तोंड बंद होतं. हे शेवटचं मी अजूनही वापरते.

ऊन चढायच्या आत मुलांचं शिकणं संपायचं. नऊच्या पुढे घोडे सावलीत. ती बारदानाची पोती भिजवून खिडक्यांना बांधायची, घोड्यांच्या मानेवर, पायांवर पाणी मारायची, भिजवलेल्या हरभऱ्यात हात घालून एकेक खडा काढायची. पलीकडच्या फायरिंग रेंजवर तोफांचा सराव चालू असायचा. धडाड्धूम आवाज यायचा, ऑफिसचा पत्रा थरथरायचा, मी दचकायचे. घोडे मात्र पापणीही हलवायचे नाहीत. त्या शांत दुपारी शकीलाबी बोलायची, आणि तिचं बोलणं बहुतेक वेळा कुणाचा तरी सूड कसा घेतला याबद्दल असायचं.

एका कावळ्याशीही तिचं वैर होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कावळे घरट्यासाठी घोड्यांच्या शेपटीचे केस उपटून नेतात. त्यातला एक, ज्याच्या उजव्या पायाचं बोट तुटलेलं होतं, तो बादशाहच्या शेपटीला लागायचा. बादशाह म्हातारा, तिचा सगळ्यात लाडका घोडा. ती जेवायला बसली की कडुलिंबावरच्या सगळ्या कावळ्यांना भाकरीचे तुकडे टाकायची. बोट तुटलेला खाली उतरला की हात आखडता घ्यायची. तो दोन पावलं सरकायचा, ती भाकर दुसरीकडे फेकायची. मी म्हटलं, "बी, त्याला काय कळतंय?"

"त्याला नाय कळत," ती म्हणाली. "मला कळतं ना."

मी विचारलं की कुणाला माफ म्हणून केलंस का कधी? ती पोतं पिळत म्हणाली, "माफ करायला अल्ला हाय. त्याचं काम मी कशापायी करू?"

शिबिरात एका मुलीचे वडील यायचे. जाड मनगट, त्यात सोन्याचं कडं. मुलगी बिचारी छान शिकत होती, पण यांना स्वतःचा घोड्यावरचा फोटो हवा होता, तोही घोडा दोन पायांवर उभा राहिलेला. एक दिवस शकीलाबी पाण्याला गेलेली पाहून त्यांनी बादशाहवर बसून त्याच्या बरगडीत गाडीची किल्ली टोचली. बादशाह उभा राहिला नाही, नुसता कण्हला. शकीलाबीने ते लांबून पाहिलं. मला वाटलं आता ती धावत येऊन त्यांना खाली ओढणार. ती शांतपणे चालत आली, बादशाहची बरगडी चाचपली आणि गोड आवाजात म्हणाली, "साहेब, इथं काय फोटो येणार? नदीला चला. पाण्यात घोडा उभा केला की लय भारी दिसतं."

ते खूश. चांगले इस्तरीचे कपडे, काळा चष्मा, मुलगी मोबाईल धरून काठावर. बादशाहची एक सवय फक्त शकीलाबीला ठाऊक होती. पाणी गुडघ्याला लागलं की तो खाली बसतो आणि लोळतो. दारणेच्या पात्रात उन्हाळ्यात पाणी कमी आणि चिखल जास्त. साहेब चिखलातून उठले तेव्हा चष्मा सापडत नव्हता आणि गाडीची किल्लीही. शकीलाबीने काठावरून अगदी काळजीने विचारलं, "लागलं तर नाय ना, साहेब?" मुलगी इतकी हसली की तिला उचकी लागली. साहेब पुन्हा आले नाहीत. मुलगी रोज आली, तिच्या आजोबांबरोबर.

हे सगळं गमतीचं होतं. पण तिच्या पोटात एक डूख होता तो गमतीचा नव्हता. त्याची गोष्ट मला मेच्या सुरुवातीला कळली. तिचा नवरा रशीदभाई तिला रोज संध्याकाळी टेम्पोतून न्यायला यायचा. बारीक, मान खाली घालून बसणारा माणूस. तो फाटकाच्या आत कधीच यायचा नाही. ती टेम्पोत बसायची आणि दोघंही समोर बघत निघून जायचे. मी एकदा सहज म्हटलं, "भाई फार कमी बोलतात."

"तो बोलतो," ती म्हणाली. "मी बोलत नाय त्याच्याशी. मैना गेल्यापासून."

मैना ही त्यांची घोडी. अंगाने पांढरी, कपाळावर राखाडी ठिपका. सासऱ्यांच्या वेळेपासून त्यांचा वरातीच्या घोड्यांचा धंदा होता आणि मैना त्या घरात जन्मली होती. शकीलाबीने तिला बाटलीने दूध पाजलेलं, कारण मैनाची आई वेणांमध्येच गेली. शकीलाबीला मूल नव्हतं. हे तिने सांगितलं नाही, पण मला ठाऊक होतं.

मैना गेली त्या वर्षी मेमध्ये शकीलाबी बहिणीच्या बाळंतपणासाठी मालेगावला गेली होती. रशीदभाई मैनाला घेऊन एका लॉन्सवर वरातीला गेला. आमच्याकडे लग्नाच्या मोठ्या मोकळ्या जागांना लॉन्सच म्हणतात. ती लॉन्स विलासशेठची, हमरस्त्याला लागून. दुपारची वरात. नाचणारे हटेनात, मुहूर्त टळला, डांबर वितळायला लागलं. वरात आत गेली तेव्हा रशीदभाई मैनाला न्यायला निघाला, तर विलासशेठने फाटक लावून घेतलं. लगेच दुसरं लग्न होतं, दुसरी वरात उभी होती आणि तिची घोडी आली नव्हती. म्हणाले, हीच चालेल. रशीदभाईने पाणी मागितलं. पाण्याचा टँकर स्वयंपाकाच्या बाजूला होता, विलासशेठ म्हणाले, आधी वरात, मग पाणी. मैनाला जनरेटरच्या शेजारी उन्हात बांधून ठेवलं. दुसरा नवरदेव तिच्यावर बसला आणि फाटकापर्यंत आल्यावर तिचे पुढचे पाय मुडपले.

"मेली नव्हती," शकीलाबी म्हणाली. तिचे हात हरभऱ्यात होते, ते थांबले होते. "पडली होती. कान हालत होते तिचे. पाणी मारलं असतं, सावली केली असती, तर उठली बी असती. पण पाहुण्यांच्या गाड्या आत यायला वाट नव्हती. त्या माणसानं जेसीबी बोलावला. जिवंत जनावर जेसीबीनं मागं ढकलत नेलं. आणि हा," तिने फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे मान केली, "हा बाजूला उभं राहून बघत होता. हात जोडत होता म्हणे. आडवा नाय पडला."

मालेगावहून ती आली तेव्हा लॉन्सच्या मागे नुसता खड्डा बुजवलेला होता. रशीदभाईने उरलेल्या दोन घोड्या विकल्या, टेम्पो घेतला. ती कर्नलसाहेबांकडे आली. नवऱ्याला ती रोज जेवायला वाढायची, त्याचे कपडे धुवायची, तो आजारी पडला तर रात्रभर बसायची. बोलायची मात्र नाही. सहा-सात उन्हाळे झाले होते त्याला.

मी म्हटलं, "पोलिसात नाही गेलीस?"

"गेले होते. म्हणाले, जनावर उन्हानं मेलं, त्यात काय तक्रार?" मग ती पुन्हा हरभरा निवडायला लागली. "मी विसरले नाय. ठेवून दिलंय."

आणि त्याच महिन्यात विलासशेठ स्वतः आमच्या फाटकातून आत आले.

पांढरी गाडी, पांढरे कपडे, बरोबर दोन माणसं. मुलाचं लग्न होतं, त्यांच्याच लॉन्सवर. मुलगा प्रथमेश घोड्यावरून येणार आणि बरोबर त्याचे चार मित्रही घोड्यांवर, असा बेत होता. वरातीची नेहमीची घोडी नको होती, उंच, तगडे घोडे हवे होते. कर्नलसाहेब म्हणाले, "आमचे घोडे वरातीला जात नाहीत." विलासशेठ हसले आणि म्हणाले, "साहेब, तुमचा रस्ता आमच्या प्लॉटमधून जातो. मी कधी अडवलाय का?" कर्नलसाहेबांनी लग्नाची तारीख विचारली. रस्त्याची ती जागा खरोखरच विलासशेठची होती.

शकीलाबी दारात उभी होती. विलासशेठने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, जरा पाणी आणा."

त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसे? त्यांनी तिला कधी पाहिलंच नसेल. पण नंतर तिने मला सांगितलं की ती त्यांच्या लॉन्सच्या फाटकासमोर लागोपाठ पंधरा दिवस जाऊन उभी राहिली होती आणि त्यांची गाडी रोज तिच्या अंगावरून गेल्यासारखी गेली होती.

तिने पाणी आणलं. स्वच्छ पेल्यात, खाली बशी धरून. विलासशेठ पाणी प्याले. मी त्या पेल्याकडेच बघत होते. कर्नलसाहेब काळजीने म्हणाले, "शकीला, बँडच्या आवाजाला बिथरले तर?"

"तोफांच्या आवाजात झोपणारे घोडे हे," ती म्हणाली. "बँडला काय भितील? मी सोता घेऊन जाते, साहेब. काळजीच करू नका."

ते गेल्यावर मी तिला गाठलं. "बी, काय करणार आहेस तू?"

"घोडे घेऊन जाणार."

"खरं सांग. वरातीची नोंद माझ्या सहीने झालीय. माझी नोकरी नवी आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या गालाला हात लावला. हाताला हरभऱ्याचा वास होता. "तुला काय होऊ देणार नाय. पण इचारू नको."

लग्नाच्या सकाळी तिने पाच घोड्यांना असा खरारा केला की अंगात तोंड दिसावं. आयाळ विंचरली, खुरांना तेल लावलं. शाळेकडून कुणीतरी हवं म्हणून कर्नलसाहेबांनी मलाही पाठवलं. आम्ही लॉन्सपाशी पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बँड तयार, फटाक्यांची माळ अंथरलेली, पाहुणे फाटकाच्या आतबाहेर. नवरदेव फेटा बांधून गाडीत एसी लावून बसलेला. प्रथमेश साधा मुलगा होता, काच खाली करून त्याने मलाच नमस्कार केला.

शकीलाबीने पाचही घोडे बरोबर फाटकाच्या मधोमध आडवे उभे केले. बरोबर आणलेल्या दोन्ही सईसांना तिने डोळ्याने खुणावलं, तेही थांबले. तिने बँडवाल्याकडे पाहून हात वर केला. त्याने तुतारी खाली घेतली, आणि त्याच्या मागे एकेक करून सगळी वाद्यं थांबली. नंतर मला कळलं की मैना पडली त्या दिवशी तोच बँड वाजवत होता.

विलासशेठ लगबगीने आले. "काय झालं? थांबलात कशाला? मुहूर्त चाललाय!"

"घोड्यांना पाणी पाजायचंय, शेठ."

"मग पाजा ना लवकर!"

"मी नाय," शकीलाबी म्हणाली. "तुम्ही पाजायचं. तुमच्या हातानं."

त्यांना वाटलं काहीतरी रीत असेल. ते कसनुसं हसले, आजूबाजूला पाहिलं. मग ती बोलली. ओरडली नाही, पण बँड बंद होता आणि आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"मला ओळखलं नसंल. मी मैनाची. ह्याच फाटकात पडली होती ती, बघा, इथं, जिथं तुमचा पाय हाय. तिचा मालक पाणी मागत होता, तुम्ही म्हटलं, आधी वरात. मग ती पडली, तर तुम्ही जेसीबी लावला. जिवंत होती शेठ ती. कान हालवत होती."

विलासशेठचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. "हे काय आत्ता बोलायचं... जुनं झालं ते. नंतर बसून बोलू, मावशी, आत्ता..."

"नंतर नाय."

त्यांच्या दोन माणसांपैकी एक पुढे आला. बादशाहने नुसती मान हलवली आणि तो मागे सरला. आणि मग बँडवाला म्हणाला, "शेठ, ती म्हणते ते खरं हाय. मी इथंच उभा होतो." पाहुण्यांमधून कुजबुज सुरू झाली. मुलीकडचे लोक पुढे सरकून ऐकायला लागले. हेच तिला हवं होतं. विहिणीच्या, व्याह्यांच्या, अख्ख्या गोतावळ्याच्या समोर.

प्रथमेश गाडीतून उतरून आला होता. त्याने सगळं ऐकलं असावं. तो म्हणाला, "मावशी, बादली द्या. मी पाजतो."

"तू नको, बेटा," ती म्हणाली, आणि तेवढ्यापुरता तिचा आवाज मऊ झाला. "तुझं यात काय नाय. बापानं पाजायचं."

विलासशेठने मुलाकडे पाहिलं. मुलाने मान खाली घातली, पण बाजूला झाला नाही, तिथेच उभा राहिला. मग विलासशेठ स्वयंपाकाच्या बाजूच्या टँकरकडे गेले. रेशमी कुर्त्याच्या बाह्या वर सरकवून त्यांनी बादली भरली. येताना अर्धं पाणी अंगावर सांडलं. त्यांनी बादली बादशाहसमोर धरली. बादशाह सावकाश प्याला. घोडा पाणी पितो तेव्हा घशातून लाटा जाताना दिसतात. त्या सगळ्यांनी पाहिल्या. मग दुसरा घोडा, मग तिसरा. विलासशेठ पाच वेळा जाऊन आले. शेवटी बादली खाली ठेवून ते म्हणाले, "चुकलं माझं. झालं?"

खरं सांगते, मला तेव्हा आनंद झाला. पोटातून आनंद झाला. मला वाटलं आता ती नवरदेवाला बसवेल, बँड वाजेल आणि सगळं संपेल.

"चुकलं, ते मला बी ठाऊक हाय," शकीलाबी म्हणाली आणि तिने बादशाहचा लगाम फिरवला. "चला रे."

"अहो, मागितली ना माफी!" विलासशेठ ओरडले. "आता कुठे चाललात?"

"घरी. ऊन लय हाय. या उन्हात घोडा चालवायचा नसतो." मग ती प्रथमेशकडे वळली. "तू चालत जा, बेटा. फेटा नीट धर. जाग्याजाग्यावर डांबर पातळ झालंय, बुटाला लागंल."

आम्ही निघालो. मागे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग बँड वाजायला लागला, पण फार हळू. नंतर कानावर आलं की नवरदेव खरंच चालत गेला, आणि वरातीत कुणी नाचलं नाही.

त्या संध्याकाळी कर्नलसाहेबांच्या फोनवर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर विटांचा ढीग आडवा पडला होता. कर्नलसाहेबांनी शकीलाबीला ऑफिसात बोलावलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "शकीला, तू काय केलंस कळतंय का तुला? मुलं येणार कशी, दाणा येणार कसा? मला पर्याय नाही."

"कळतंय, साहेब," ती म्हणाली. "मी आधीच बोचकं बांधून ठेवलंय. पण या पोरीला काय म्हणू नका. तिला मी काय सांगितलं नव्हतं."

तबेल्यात ती एकदाच फिरली. मी तिच्या मागे होते. प्रत्येक घोड्याच्या कपाळावर तिने हात ठेवला. बादशाहपाशी ती जास्त वेळ थांबेल असं मला वाटलं होतं, पण त्याच्याजवळून ती सगळ्यात भरभर गेली. फाटकात येऊन म्हणाली, "दुपारची पोती भिजवायला विसरू नको. सईस आळशी हायेत."

घोड्यांपासून दूर राहणं म्हणजे तिच्यासाठी काय होतं, हे मला समजत होतं. तिलाही समजत होतं. तरी तिने ते केलं, आणि मला खात्री आहे की पुन्हा वेळ आली असती तरी केलं असतं. तिच्या जाण्यानंतर आठवड्याने विटा उचलल्या गेल्या.

तिचं राहिलेलं सामान न्यायला रशीदभाई आला. पहिल्यांदाच फाटकाच्या आत आला. गमबूट, चहाचं पातेलं आणि पांढरे शर्ट पिशवीत भरताना तो थांबला आणि म्हणाला, "म्याडम, बोलली ती."

"कधी?"

"त्या लग्नाच्याच दिवशी. घरी आली, हातपाय धुतले, मला वाढलं आणि म्हणाली, 'मीठ कमी तर नाय ना?'" त्याने पिशवीची गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "कमी होतं. मी बरोबर हाय म्हणालो."

शकीलाबीला मी त्यानंतर एकदाच भेटले, गेल्या उन्हाळ्यात. ती कॅम्पच्या बाजारामागे दोन खोल्यांत राहते. मी गेले तेव्हा दारात बसून कांदे चिरत होती आणि शेजारणीने शकीलाबीच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरीकडे अशा नजरेने बघत होती की मला शेजारणीची काळजी वाटली. रशीदभाई आत पंख्याखाली झोपला होता. तिने मला चहा केला. गोड.

मी बातमी घेऊन गेले होते. लॉन्सचा कारभार आता प्रथमेश बघतो. त्याने फाटकाजवळ वरातीच्या घोड्यांसाठी एक छपरी बांधली आहे, पाण्याची टाकी बसवली आहे, आणि भर दुपारी वरात काढू देत नाही. मला वाटलं तिला बरं वाटेल. डोळ्यांत पाणी वगैरे येईल.

ती कांदा चिरत राहिली. मग म्हणाली, "छपरीचं तोंड कुणीकडं हाय?"

"रस्त्याकडे."

"म्हणजे मावळतीकडं." सुरी थांबली. "चार वाजता ऊन सरळ आत येणार. घोडी काय छपराकडं बघत उभी राहील?"

मी म्हटलं, "तसं त्याच्या लक्षात आलं नसेल."

"बापाचंच पोरगं." तिने कांद्याची सालं गोळा केली, उठली आणि गल्लीच्या कडेला टाकून आली. मी निघाले, रिक्षात बसले, रिक्षा वळायला लागली, तेव्हा मागून तिची हाक आली. ती दारात उभी राहून ओरडत होती, सगळी गल्ली ऐकेल इतक्या मोठ्याने.

"त्याला म्हणावं, पश्चिमेला बांबूची तट्टी लाव! जाड! आणि तुझ्या नावानं सांग, पोरी! माझं नाव घेतलंस तर बघ!"